खोक्यावरचा पत्ता

आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल, कानात मोबाइलशी जोडलेले श्रवणयंत्र असेल किंवा कपाटात रक्तदाबाचे तसेच एखादे यंत्र असेल, तर हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक काम करावे. त्या वस्तूचे मूळ खोके घरात आहे का, ते पाहावे. असल्यास ते रद्दीत देऊ नये. कारण पुढे ओघाने येईलच.

माझी आई लोणारला राहते. वय ७६. गेली १४ वर्षे ती इन्सुलिन घेते आणि गेल्या दोन वर्षांपासून तिच्या दंडावर एक सेन्सर असतो. तो दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा तिच्या मोबाइलवरील अ‍ॅपला पाठवतो, तोच आकडा मला पुण्यात दिसतो आणि साखर फार खाली गेली, तर दोन्हीकडे गजर वाजतो. मुले बाहेरगावी असलेल्या घरात या गजराचे मोल काय असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना निराळे सांगायला नको. त्या गजराच्या भरवशावर मी दोन वर्षे रात्री निश्चिंत झोपत होतो.

जानेवारीतल्या एका रात्री आईचा मोबाइल आपोआप अपडेट झाला आणि बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अ‍ॅप मात्र त्यानंतर सुरू झालेच नाही. पहाटे साडेपाचला शेजारच्या काकूंना आमच्या अंगणात सडा पडलेला दिसला नाही, म्हणून त्यांनी दार वाजवले. आई पलंगावर बसलेली होती, अंग घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध. काकूंच्या यजमानांनाही मधुमेह होता, त्यामुळे त्या गोंधळल्या नाहीत. आई गिळू शकते याची खात्री करून त्यांनी साखरेचे पाणी पाजले आणि जुन्या, बोटाला टोचायच्या यंत्रावर साखर पाहिली. आकडा ५८ होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिली, तेव्हा तो ९० च्या पुढे गेला होता. मला दूरध्वनी आला तो सगळे निभावल्यानंतर. माझ्या मोबाइलवर रात्री दीडनंतर आलेखाची रेघच नव्हती, आणि रेघ नाही म्हणून गजरही नव्हता.

आई त्याच दिवशी सावरली. पुढचा आठवडा मी ज्या कामात घालवला, त्याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. मला एकच गोष्ट करायची होती. ज्यांनी ते अ‍ॅप तयार केले, त्यांना सांगायचे होते की तुमचे अ‍ॅप मोबाइल अपडेट झाल्यावर गप्प राहते आणि ते गप्प आहे, हे कोणालाही कळत नाही.

अ‍ॅपमध्ये ‘सहाय्य’ नावाची जागा होती. तिथे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे होती. माझा प्रश्न त्यांत नव्हता. खाली ‘आमच्याशी संपर्क साधा’ असे होते. ते दाबले की पुन्हा त्याच प्रश्नोत्तरांचे पान उघडे. एका कोपऱ्यात संवादाची चौकट होती. तिच्यात मी सगळी हकिकत लिहिली. क्षणात उत्तर आले की आपले इंटरनेट सुरू आहे का, ते तपासावे. आणि लगेच, हे उत्तर उपयुक्त वाटले का? ‘नाही’ म्हटले, तर तेच उत्तर निराळ्या शब्दांत पुन्हा. एक ईमेल आला, त्याला उत्तर पाठवले, तर या पत्त्यावर आलेली पत्रे वाचली जात नाहीत, असे कळवणारा दुसरा ईमेल आला. माणूस चिडतो तो नकारामुळे नव्हे. नकार देणारा समोर असतो, त्याच्याशी वाद तरी घालता येतो. इथे समोर कोणी नव्हतेच.

तिसऱ्या दिवशी मी ती चूक केली, जी आपण कोणीही करू नये. कंपनीचे नाव आणि ‘ग्राहक सेवा क्रमांक’ असे शब्द मोबाइलवर शोधले आणि जो क्रमांक सर्वांत वर दिसला, तो लावला. पहिल्याच घंटीला एका गृहस्थाने तो उचलला. अत्यंत अदबीने बोलला, आईची चौकशी केली. तीन दिवसांत प्रथमच एक माणूस माझे ऐकून घेत होता, त्यामुळे मला भरूनच आले. मग त्याने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितले, म्हणजे त्याला माझा पडदा दिसेल आणि दुरुस्ती करता येईल. त्यानंतर नोंदणीसाठी दहा रुपये पाठवा म्हणाला. तिथे मी भानावर आलो आणि दूरध्वनी ठेवला.

हा सापळा आता जुना झाला आहे, तरी अजून चालतो. तो चालतो याचे कारण लोक भोळे आहेत, असे म्हटले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. खऱ्या निर्मात्याने आपले दार इतके आत लपवलेले असते की दमलेला माणूस उघड्या दिसणाऱ्या पहिल्या दारात शिरतो. मोबाइलचा ताबा दुरून घेऊ देणाऱ्या अ‍ॅपविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. तेव्हा शोधून मिळालेल्या क्रमांकावर कोणी आपला पडदा पाहू मागितला, ओटीपी मागितला किंवा एक रुपया जरी पाठवायला सांगितला, तरी संभाषण तिथेच थांबवावे. पैसे गेलेच असतील, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. संकोचापायी ज्येष्ठ मंडळी हे मुलांपासूनही लपवतात, आणि तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात निघून जातात.

चौथ्या दिवशी रात्रीची बस धरून मी मेहकरमार्गे लोणारला पोहोचलो. आमचे गाव उल्केच्या आघाताने झालेल्या सरोवरासाठी प्रसिद्ध आहे. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा सगळे गाव काठावर लोटले होते. पण कोणाला विचारायचे, हा प्रश्न फार काळ राहिला नाही. नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे उत्तर परत आले. हजारो वर्षांच्या सरोवराने रंग बदलला, तर विचारायला जागा आहे. दोन वर्षांच्या अ‍ॅपने आवाज बंद केला, तर नाही. बसमधून उतरताना माझ्या मनात हेच घोळत होते.

घरी आईने चहा ठेवला आणि मी सेन्सरविषयीचे कागद शोधू लागलो. कागद काही सापडले नाहीत. सापडले ते सेन्सरचे जुने खोके. आईने त्यात सुया-दोरे, बटणे आणि नाड्या ठेवल्या होत्या.

“काय पाहून राहिला रे बाबा त्याच्यात? तो डबा माह्या सुया-दोऱ्याचा हाय.”

खोक्याच्या बुडाला एक लहानसे लेबल होते. त्यावर बारीक अक्षरांत निर्मात्याचे नाव, भारतात ते यंत्र आयात करणाऱ्या कंपनीचे नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक आणि तक्रारीसाठी दूरध्वनी व ईमेल असे सारे होते. चष्मा लावूनही वाचता येईना, म्हणून मी त्याचे छायाचित्र काढून मोठे केले. तो क्रमांक लावला. सहाव्या घंटीला एका बाईंनी तो उचलला आणि सर्वप्रथम खोक्यावरचा लॉट क्रमांक विचारला. पडदा पाहू मागितला नाही, पैशाचे नाव काढले नाही. अ‍ॅपची आवृत्ती, मोबाइलचे मॉडेल, अपडेटची तारीख अशी माहिती लिहून घेतली आणि तक्रार क्रमांक दिला. मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी जी अ‍ॅप झोपवतो, त्यांतून हे अ‍ॅप वगळायचे आणि सूचनांची परवानगी पुन्हा द्यायची, हेही त्यांनी सांगितले. हे दोन्ही करायला चार मिनिटे लागली.

मी त्यांना विचारले, असे आणखी कोणाला झाले आहे का? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, चार-पाच जणांनी सांगितले आहे.

हे चार-पाच जण माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण निर्मात्यापर्यंत वाट असणे, ही आरोग्याच्या बाबतीत निव्वळ सोयीची गोष्ट नाही. वैद्यकाच्या इतिहासात याचे एक भयंकर उदाहरण आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने बनवले होते. आधीच्या यंत्रांत सुरक्षिततेसाठी यांत्रिक अटकाव असत. या यंत्रात तो भार मुख्यतः सॉफ्टवेअरवर टाकला होता. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात कॅनडा आणि अमेरिकेत सहा रुग्णांना त्यातून प्रचंड प्रमाणात अतिरिक्त किरणांचा मारा झाला आणि त्यांतील काही जण दगावले. अमेरिकेतील टेक्सास राज्यात टायलर येथे २१ मार्च १९८६ रोजी असा प्रसंग घडला, तेव्हा पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढीच अक्षरे उमटली. कंपनीचे अभियंते आले. त्यांना दोष सापडला नाही. अतिरिक्त मारा होणे शक्यच नाही आणि असे दुसरीकडे कुठे घडल्याचे ठाऊक नाही, असे रुग्णालयाला सांगण्यात आले. वास्तविक त्याआधी इतर ठिकाणी रुग्ण भाजले होते. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि ११ एप्रिल रोजी त्याच रुग्णालयात दुसऱ्या रुग्णावर तोच प्रसंग ओढवला.

मग रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाई दोघे यंत्रासमोर बसले आणि त्या दिवशी नेमके काय काय केले, ते पुन्हा पुन्हा करत राहिले. अखेर त्यांना उमगले. चुकून टंकलेले एक अक्षर तंत्रज्ञाने फार वेगाने दुरुस्त केले, तर यंत्र गोंधळते. जो दोष निर्मात्यांना दिसला नव्हता, तो वापरणाऱ्यांनी शोधून काढला. यंत्र रोज हाताळणाऱ्या माणसाला जे कळते ते बनवणाऱ्याला कळत नाही, आणि ते त्याला कळायचे, तर मधली वाट मोकळी हवी.

अलीकडचे उदाहरणही पाहा. अमेरिकेत इन्सुलिन पंपाच्या एका अ‍ॅपची आवृत्ती वारंवार बंद पडून आपोआप सुरू होत असे आणि त्यामुळे पंपाची बॅटरी संपत असे. १५ एप्रिल २०२४ पर्यंत २२४ जणांना इजा झाल्याच्या नोंदी आल्या. त्या नोंदी झाल्या, म्हणून अ‍ॅप सुधारले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मधुमेहाच्या उपकरणांविषयी एक इशाराच प्रसृत केला. मोबाइलच्या सेटिंगमुळे, अपडेटमुळे किंवा नवे हेडफोन जोडल्यामुळेही गजर ऐकू येईनासा होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. म्हणजे आईच्या घरात जे घडले ते जगावेगळे नव्हते. मला ते घडल्यावर कळले, एवढेच.

आता त्या लेबलाविषयी. ते कंपनीच्या मेहेरबानीने छापलेले नसते. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर तक्रारीसाठी संपर्क करायच्या व्यक्तीचे किंवा कार्यालयाचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल देणे बंधनकारक आहे. वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे स्वतंत्र नियमही लागू आहेत. त्यानुसार निर्मात्याचे, आणि उपकरण परदेशी असल्यास आयातदाराचे नाव व पत्ता लेबलवर हवा. १ एप्रिल २०२० पासून ‘वैद्यकीय उपकरण’ या व्याख्येत निदान-उपचारासाठीचे सॉफ्टवेअरही आले आहे. अ‍ॅप हवेत असते, पण त्याच्या जोडीचे यंत्र खोक्यातून येते, आणि खोक्याला कायदा लागतो. हे मला आधी सुचले असते, तर तीन दिवस वाचले असते.

ज्या अ‍ॅपला खोकेच नाही, त्याचे काय? मोबाइलमधील प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचे पान उघडावे आणि खाली जावे. ‘अ‍ॅप सपोर्ट’ अशा मथळ्याखाली अ‍ॅप बनवणाऱ्याचा ईमेल दिलेला असतो. संदेश पाठवायची किंवा समाजमाध्यमांची सेवा असेल, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावाच लागतो. त्याने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते आणि नियमाने ठरवलेल्या मुदतीत निकाल लावायचा असतो. निकाल पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येते. हे अधिकारी संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत बसलेले असतात. नातवाला शोधायला सांगावे.

कोणीच दाद दिली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते. उपकरणामुळे प्रकृतीला अपाय झाला किंवा होता होता टळला, तर त्याची नोंद देशाच्या पातळीवर करण्याचीही सोय आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मटेरियोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया हा उपक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत तो चालतो. १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही तिथे कळवू शकतात, डॉक्टरच हवेत असे नाही. आपले डॉक्टर बरोबर असतील, तर अधिक उत्तम.

पत्र कसे लिहावे, याविषयी थोडे. माझा पहिला ईमेल दीड पानाचा होता आणि त्यात संतापच अधिक होता. नंतर पाठवलेले पत्र असे होते: “माझी आई ७६ वर्षांची असून इन्सुलिन घेते. आपला सेन्सर, लॉट क्रमांक अमुक, मोबाइल अमुक मॉडेलचा. अमुक तारखेच्या रात्री मोबाइल अपडेट झाला. त्यानंतर अ‍ॅप सुरू झाले नाही व गजर वाजला नाही. सकाळी साखर ५८ होती. अ‍ॅप बंद पडल्यास तसे कळवणारी सूचना आपण देऊ शकाल का, याचे लेखी उत्तर हवे आहे.” सोबत पडद्याचे एक छायाचित्र जोडले. अकराव्या दिवशी उत्तर आले, खाली माणसाचे नाव होते.

अर्थात, निर्मात्याकडून उत्तर येईपर्यंत घरातल्या माणसाने थांबून राहायचे नसते. साखर ७० च्या खाली असेल आणि व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि आकडा वर आला नसेल, तर तेवढीच पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला बोलवावे. सेन्सर आहे म्हणून बोटाला टोचायचे जुने यंत्र कोणाला देऊन टाकू नये, त्याच्या पट्ट्यांची मुदत मधूनमधून पाहावी. आणि मोबाइलचे अपडेट आपोआप होऊ देण्याऐवजी दिवसा, कोणी घरात असताना करावे. झाल्यावर अ‍ॅप उघडून आकडा येतो आहे ना, ते पाहावे.

काही वेळा निर्मात्याच्या मागे न लागता दुसरी वाट धरणे शहाणपणाचे ठरते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइलसमोर चेहरा धरून पापण्या मिटमिटणारे आणि चारदा नाकारले जाणारे किती तरी निवृत्तिवेतनधारक मी पाहिले आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, तर त्यांचा त्रास पाहवत नाही. तिथे अ‍ॅपच्या निर्मात्यांना शोधत बसू नये. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो, त्याला थोडे शुल्क पडते. आणि बँकेच्या शाखेत जाऊन कागदी दाखल्यावर सही करण्याची पद्धतही बंद झालेली नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना कुठे विचारावे, हेच सुचत नसेल, तर १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी ८ ते रात्री ८ सुरू असते.

लोणारहून निघण्यापूर्वी मी सगळे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेशेजारी चिकटवले. सर्वांत वर शेजारच्या काकूंचा क्रमांक लिहिला, त्याखाली १०८, मग खोक्यावरचा. खोके रिकामे करून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवले. आईला ते फारसे रुचले नाही. सुया-दोरे तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात हलवले आहेत, आणि त्याचे झाकण उघडताना नखे दुखतात, अशी तिची तक्रार दर रविवारी माझ्याकडे येते.